पाचव्या दिवसाचे दुःख

बेसबॉल या खेळाचे एक वैशिष्ट्य असे, की आपण कोणत्या दिवशी दुःखी होणार आहोत हे त्याच्या चाहत्याला आगाऊ कळवले जाते. सामन्याच्या आरंभी चेंडू फेकण्यास जो पिचर उभा राहतो त्यास स्टार्टर म्हणतात; असे पाच स्टार्टर प्रत्येक संघाकडे असतात आणि ते पाळीपाळीने, साधारणपणे दर पाचव्या दिवशी, एकेक सामना सुरू करतात. या पाळीला रोटेशन असे नाव असून येत्या दोन-तीन सामन्यांचे स्टार्टर संघ स्वतःहून जाहीर करीत असल्यामुळे, आपला पाचवा स्टार्टर कोणत्या योग्यतेचा आहे हे पुरते ओळखून असलेला चाहता रविवारचे तिकीट काढताना नेमके काय विकत घेत आहे याविषयी मुळीच अंधारात नसतो. तरीही तो तिकीट काढतो, सामन्याला जातो आणि पहिल्याच इनिंगमध्ये चार धावा गेल्या की फसवणूक झाल्याचा आक्रोश करतो.

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकास या आक्रोशाची तीव्रता सहज उमगणार नाही, कारण क्रिकेटमध्ये एका गोलंदाजाचे सहा चेंडू संपले की दुसऱ्या टोकाकडून दुसरा येतो आणि वाईट गोलंदाजीचा दोष चार-पाच जणांत सामोपचाराने वाटला जातो. बेसबॉलमध्ये टोक एकच, चेंडू फेकण्यासाठीचा मातीचा उंचवटा, म्हणजे माऊंड, एकच आणि त्यावर उभा असलेला माणूसही, त्याला कोणी येऊन घेऊन जाईपर्यंत, एकच असतो. तो उभा असतो तेथून फलंदाजाच्या पायाजवळच्या होम प्लेटपर्यंतचे अंतर १८९३ पासून साठ फूट सहा इंच, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहून साडेपाच फुटांनी कमी, असे ठरलेले आहे, आणि तेवढ्या अंतरात जे काही घडते त्याची संपूर्ण जबाबदारी त्याच्या एकट्याच्या उजव्या किंवा डाव्या खांद्यावर येते. शिवाय एकदा बाहेर काढलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा येऊ शकत नाही. पिचर बदलण्याचा निर्णय त्यामुळे अपरिवर्तनीय ठरतो, आणि अपरिवर्तनीय निर्णयावर नंतर मत देणे हा मनुष्यजातीचा सर्वांत सुरक्षित छंद होय. हे मत ऐकून घेण्यासाठी, असे चाहत्यांना वाटते, संघाने दोन माणसे पगारी ठेवलेली असतात: एक मॅनेजर, जो मैदानाच्या कडेला बसून सामना चालवतो, आणि दुसरा जनरल मॅनेजर, जो कचेरीत बसून खेळाडूंची खरेदी-विक्री करतो.

या दुःखाचा अभ्यास करावयाचा तर न्यूयॉर्क मेट्स या संघाइतके समृद्ध क्षेत्र दुसरे मिळणे कठीण आहे. ब्रुकलिन डॉजर्स आणि न्यूयॉर्क जायंट्स हे दोन्ही संघ १९५७ च्या हंगामानंतर कॅलिफोर्नियास निघून गेल्याने अनाथ झालेल्या चाहत्यांसाठी १९६२ मध्ये हा संघ स्थापन करण्यात आला, आणि पहिल्याच वर्षी त्याने ४० सामने जिंकून १२० हरले. त्या वर्षी रॉजर क्रेग हा स्टार्टर २४ सामने हरला व अल जॅक्सन २० हरला. पुढल्या वर्षी क्रेगने सलग १८ पराभव स्वीकारून आपलीच कामगिरी झाकोळून टाकली. वरवर पाहता हे आकडे नालायकीचे वाटतात, परंतु एखाद्यास २४ वेळा हरण्याची संधी मिळते याचा अर्थ त्याच्याहून बरा माणूस संघात नाही असा होतो, आणि क्रेग खरोखरच त्या संघातील चांगल्या पिचरांपैकी होता. याच संघात बॉब मिलर नावाचे दोन पिचर एकाच वेळी होते, एक उजवा व एक डावा. सामना हातातून निसटू लागला की बदली पिचर जेथे हात मोकळा करीत असतात त्या बुलपेन नावाच्या आवारातून यांपैकी कोणता मिलर बोलवावा, हा प्रश्न मॅनेजर केसी स्टेंगल यांना पडत असेल किंवा नसेल. निकालावर त्याचा विशेष परिणाम होत नसे.

अशा आरंभामुळे मेट्सचा चाहता सहनशील झाला असता, पण घडले उलटेच. १९६७ मध्ये टॉम सीव्हर आला आणि १९६९ मध्ये त्याने २५ सामने जिंकून संघाला जगज्जेतेपद मिळवून दिले, तेव्हा चांगली पिचिंग म्हणजे काय हे या चाहत्यांना प्रथमच कळले. गरीब माणसाला एकदा साजूक तुपाची चव लागली की डालडा ओळखू येऊ लागतो. मेट्सच्या चाहत्याला त्या वर्षापासून डालडा ओळखू येतो आणि व्यवस्थापनाचे दुर्दैव असे, की त्याने तो वारंवार त्याच्यासमोर आणून ठेवला. १९६९ च्या त्या संघात नोलन रायन नावाचा एक तरुणही होता. त्याचा चेंडू विलक्षण वेगवान होता, मात्र तो कोठे जाईल याची खात्री फलंदाजास, झेल घेणाऱ्यास आणि खुद्द रायनला नसे. १० डिसेंबर १९७१ रोजी मेट्सने त्याला आणखी तीन खेळाडूंची जोड देऊन कॅलिफोर्निया एंजल्सकडे पाठवले आणि बदल्यात जिम फ्रेगोसी हा नावाजलेला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या तळांमधला क्षेत्ररक्षक, घेऊन त्यास तिसऱ्या तळावर उभे केले. फ्रेगोसी १९७३ च्या मध्यातच टेक्सासला विकला गेला. रायन १९९३ पर्यंत खेळत राहिला आणि त्याने ३२४ विजय व ५,७१४ स्ट्राइकआऊट, म्हणजे फलंदाजास तीन स्ट्राइकमध्ये केलेले बाद, नोंदवले. हा दुसरा आकडा आजही अव्वल आहे. एका खेळाडूवर तीन खेळाडू वर दिले, या तपशिलाचा चाहत्यांना अजूनही स्वतंत्र संताप येतो.

सीव्हरला मात्र मेट्सने दोनदा गमावले, आणि एकच वस्तू दोनदा हरवण्यासाठी जी विशेष प्रतिभा लागते तिचे श्रेय इतिहासाने द्यावयास हवे. पगारावरून संघाध्यक्ष डोनाल्ड ग्रँट यांच्याशी वितुष्ट आल्यावर १५ जून १९७७ रोजी त्याला सिनसिनाटीस धाडण्यात आले व मोबदल्यात चार खेळाडू आले. मेट्सच्या तेव्हाच्या शे स्टेडियमपासून जवळच, फ्लशिंगमधील बाऊन स्ट्रीटवर, न्यूयॉर्क परिसरातील मराठी कुटुंबांनाही सुपरिचित असलेले गणेशाचे देऊळ आहे. त्याची प्रतिष्ठापना ४ जुलै १९७७ रोजी झाली. विघ्नहर्ता फ्लशिंगला पोहोचला खरा, पण एकोणीस दिवस उशिरा, आणि तोपर्यंत विघ्न सही-शिक्क्यासह पार पडले होते. त्या वर्षी मेट्स ९८ सामने हरले. पुढे १९८३ च्या हंगामासाठी सीव्हरला परत आणून व्यवस्थापनाने प्रायश्चित्त घेतले असे वाटते न वाटते तोच, खेळाडू गमावलेल्या संघांना भरपाई म्हणून इतर संघांतील असंरक्षित खेळाडू निवडता येतील, असा तेव्हा जो नियम होता त्याखाली राखून ठेवावयाच्या यादीत त्याचे नाव घालावयाचे राहून गेले. एकोणचाळीस वर्षांच्या माणसाला कोण उचलणार, असा हिशेब त्यामागे होता. शिकागो व्हाइट सॉक्सने जानेवारी १९८४ मध्ये त्याला उचलले. त्याने तीनशेवा विजय न्यूयॉर्क शहरातच मिळवला, परंतु तो ४ ऑगस्ट १९८५ रोजी, शिकागोच्या गणवेशात आणि प्रतिस्पर्धी यांकीजच्या मैदानावर. २०२२ मध्ये मेट्सने आपल्या सिटी फील्ड या नव्या मैदानाबाहेर सीव्हरचा भव्य पुतळा उभारला. पुतळा कोणत्याही यादीत घालावा लागत नाही, ही त्यातील मोठी सोय होय.

नो-हिटर या प्रकाराचा उल्लेख येथे टाळता येत नाही. प्रतिस्पर्ध्यास संपूर्ण सामन्यात एकही हिट, म्हणजे फटक्याच्या जोरावर तळ गाठण्याचे यश, मिळू दिले नाही तर त्या सामन्यास नो-हिटर म्हणतात. रायनने मेट्स सोडल्यावर असे सात सामने फेकले, सीव्हरने मेट्स सोडल्यावर १९७८ मध्ये एक फेकला, ड्वाइट गुडन आणि डेव्हिड कोन यांनीही मेट्सनंतर यांकीजकडून हा पराक्रम केला, आणि मेट्सच्या गणवेशात मात्र ८,०१९ सामन्यांत तो कोणालाही साधला नाही. अखेर १ जून २०१२ रोजी योहान सांताना याने १३४ चेंडू फेकून ती उणीव भरून काढली. त्याच्या खांद्यावर याआधी मोठी शस्त्रक्रिया झाली होती व मॅनेजर टेरी कॉलिन्स यांनी मनाशी ठरवलेली मर्यादा बरीच कमी होती. तरी त्या रात्री त्याला मैदानातून काढले असते तर कॉलिन्स घरी सुखरूप पोहोचले असते असे खात्रीने म्हणवत नाही. सांतानाची कामगिरी त्यानंतर ढासळली, आणि त्या हंगामानंतर तो मुख्य लीगमध्ये पुन्हा दिसला नाही. तेव्हा चाहत्यांनी, १३४ चेंडू फेकू देणारा मॅनेजर हा कसला मॅनेजर, असा रास्त प्रश्न विचारण्यास प्रारंभ केला.

मॅनेजर डगआऊटच्या, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बैठकीच्या, पायऱ्या चढून, कोणाकडेही न पाहता माऊंडकडे चालू लागतो तो क्षण या सर्व शास्त्राचा गाभा होय. पिचरने चेंडू चुकीच्या जागी फेकला तर तो हाताचा दोष, आणि हातावर फार काळ रागावता येत नाही; परंतु पिचरला ठेवणे किंवा काढणे ही विचारपूर्वक केलेली कृती असते, तिच्यामागे एक इच्छा असते आणि रागाला नेहमी कोणाची तरी इच्छा हवी असते. चाहत्याचा सारा राग म्हणूनच हातांना सोडून डोक्यांकडे वळतो. या रागापुढे मॅनेजरसाठी सुरक्षित मार्ग कोणता, याचा शोध घेतल्यास असा मार्ग अस्तित्वात नाही असे दिसून येते. १६ ऑक्टोबर २००३ च्या यांकीजविरुद्धच्या निर्णायक सामन्यात बोस्टन रेड सॉक्स आठव्या इनिंगमध्ये ५-३ असे पुढे असताना त्यांचे मॅनेजर ग्रेडी लिटल हे माऊंडवर गेले, थकलेल्या पेद्रो मार्टिनेसशी बोलले आणि त्याला तेथेच ठेवून परत आले. यांकीजने बरोबरी साधली, अकराव्या इनिंगमध्ये ॲरन बूनने होमरन मारला आणि लिटल यांची नोकरी गेली. उलटपक्षी २७ ऑक्टोबर २०२० रोजी जागतिक मालिकेच्या, म्हणजे जगज्जेतेपद ठरवणाऱ्या अंतिम मालिकेच्या, सहाव्या सामन्यात टॅम्पा बे संघाचा ब्लेक स्नेल ७३ चेंडूंत नऊ जणांना स्ट्राइकआऊट करून १-० अशी आघाडी राखून होता, तेव्हा मॅनेजर केव्हिन कॅश यांनी त्याला बाहेर काढले. पुढच्याच फलंदाजाने, ज्याला स्नेलने त्या दिवशी दोनदा बाद केले होते त्या मूकी बेट्सने, डबल, म्हणजे दुसऱ्या तळापर्यंत नेणारा फटका, मारला आणि सामना व मालिका दोन्ही गेल्या. एकाने ठेवले म्हणून गेले, दुसऱ्याने काढले म्हणून गेले.

कॅश यांच्या निर्णयामागे शास्त्र होते हे येथे मान्य केले पाहिजे. फलंदाजांची नऊ जणांची फळी एकाच पिचरसमोर तिसऱ्यांदा येऊ लागली की ती त्याला ओळखू लागते व सरासरीने अधिक चांगले खेळते, असे आकडेवारीवरून दिसते. त्यामुळे आजकाल स्टार्टर जेमतेम पाच-साडेपाच इनिंग टिकतो आणि उरलेले काम बुलपेनवर सोपवले जाते. दुसरे कारण कोपर. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या कोपरातील तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी त्याच्याच शरीरातील स्नायुबंध बसवला. तेव्हापासून ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते आणि तिची भीती प्रत्येक चेंडूच्या मोजणीमागे उभी असते. चाहत्यास हे सर्व पाठ असते, तो तज्ज्ञाच्या तोऱ्यात त्यावर प्रवचनही देतो, आणि स्टार्टरला पाचव्या इनिंगमध्ये काढले की, पूर्वीचे पिचर नऊ इनिंग कसे फेकत असत, हे दुसरे प्रवचन सुरू करतो. किमान सहा इनिंगमध्ये तीनपेक्षा अधिक अर्जित धावा, म्हणजे सहकाऱ्यांच्या चुकांमुळे गेलेल्या वगळून उरलेल्या धावा, न देणाऱ्या खेळीस ‘क्वालिटी स्टार्ट’ म्हणावे असा एक संकेत १९८५ मध्ये जॉन लो या पत्रकाराने रूढ केला. त्याच्या किमान पातळीवर नऊ इनिंगमागे साडेचार धावा पडतात, आणि एवढ्याला गुणवत्ता म्हणावे काय यावर तेव्हा वाद झाला होता. आजच्या मेट्स चाहत्यास मात्र ती पातळी ऐश्वर्याची वाटते.

मेट्सच्या चाहत्यांनी या क्षेत्रात जी भर घातली ती १ नोव्हेंबर २०१५ च्या रात्रीची. कॅन्सस सिटीविरुद्धच्या जागतिक मालिकेच्या पाचव्या सामन्यात मॅट हार्वीने आठ इनिंगमध्ये एकही धाव दिली नव्हती, मेट्स २-० असे पुढे होते, आणि नवव्या इनिंगसाठी शेवटचे काम करणारा पिचर, म्हणजे क्लोजर, हेउरीस फमिलिया याला आणण्याचे कॉलिन्स यांनी ठरवले होते. हार्वी हे ऐकताच डगआऊटमध्ये त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि मलाच जाऊ द्या असे सांगू लागला. सिटी फील्डमधील हजारो प्रेक्षक त्याच वेळी हार्वीच्या नावाचा गजर करीत होते. कॉलिन्स यांचे मन द्रवले. हार्वीने पहिल्या फलंदाजास वॉक दिला, म्हणजे चार चेंडू बाहेर फेकून फुकट पहिला तळ बहाल केला. दुसऱ्या फलंदाजाने, एरिक हॉस्मरने, डबल मारून एक धाव आणली. मग फमिलिया आला, आणि एक जण बाद असताना तिसऱ्या तळावरील क्षेत्ररक्षकाने जमिनीवरून आलेला चेंडू उचलून पहिल्या तळाकडे फेकताच हॉस्मरने घराकडे धाव घेतली. तेथून घराकडे केलेली फेक भरकटली आणि बरोबरी झाली. बाराव्या इनिंगमध्ये कॅन्सस सिटीने पाच धावा करून मालिका खिशात घातली. ज्या कंठांनी हार्वीला ठेवा म्हणून गर्जना केली होती, त्याच कंठांनी, त्याच रात्री, परतीच्या गाडीत, मॅनेजरला कणा नाही असा निष्कर्ष काढला. लोकांचे ऐकले हा त्याचा अपराध होता, आणि लोकशाहीच्या अभ्यासकांनी याची नोंद घेण्यास हरकत नाही.

पिचिंग उत्तम असली म्हणजे हे दुःख नाहीसे होते, असाही समज करून घेऊ नये. पिचरने दर नऊ इनिंगमागे किती अर्जित धावा दिल्या याच्या सरासरीस ईआरए म्हणतात. ती तीनच्या आत आली तर पिचर उत्कृष्ट समजला जातो. २०१८ मध्ये जेकब डीग्रॉमचा ईआरए १.७० होता, त्याने २६९ स्ट्राइकआऊट केले, त्या वर्षीचा साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार मिळवला, आणि त्याच्या नावे विजय पडले अवघे दहा, पराभव नऊ. पिचरने धावा न देणे पुरेसे नसून आपल्याही फलंदाजांनी अधूनमधून एखादी करावी लागते, हा खेळातील मूलभूत विचार त्या हंगामात संघाने फार मनावर घेतला नाही. चाहते दर पाचव्या दिवशी आनंदाने मैदानात येत आणि सातव्या इनिंगपर्यंत ०-० किंवा १-० असा फलक पाहून, रडावे तर पिचर अप्रतिम आणि हसावे तर सामना चाललेला, अशा अवस्थेत घरी परतत.

पैसा हा या रोगावर उपाय आहे काय, याचा प्रयोग २०२३ मध्ये झाला. २०२० मध्ये संघ विकत घेतलेले अब्जाधीश स्टीव्ह कोहेन यांनी मॅक्स शर्झर आणि जस्टिन व्हरलँडर या दोन थोर पिचरांना वर्षाला प्रत्येकी सुमारे ४ कोटी ३३ लाख डॉलर देऊन एकत्र आणले. व्हरलँडर चाळिशीत पोहोचला होता व शर्झर त्याच्या उंबरठ्यावर होता, म्हणजे अनुभवाची कमतरता नव्हती. जुलै संपता संपता शर्झर टेक्सासला आणि ऑगस्टच्या पहिल्या दिवशी व्हरलँडर ह्यूस्टनला रवाना झाला, मेट्स ८७ सामने हरले आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपद टेक्सासने पटकावले. डीग्रॉमही तोपर्यंत टेक्सासलाच गेला होता, आणि कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे घरी बसून तो जगज्जेता झाला. मेट्सच्या जुन्या पिचरांनी असे अन्यत्र सुखी होणे ही परंपराच असल्याने कोणाला फारसे आश्चर्य वाटले नाही.

मग २०२५ मध्ये उलटा प्रयोग करण्यात आला. फलंदाज हुआन सोतो याला पंधरा वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर देऊ करणाऱ्या संघाने स्टार्टरांच्या बाबतीत मात्र काटकसरी गृहिणीचा बाणा स्वीकारला: यांकीजचा क्लोजर क्ले होम्स आणून त्याला स्टार्टर केले, आणि बाकीच्या जागा दुरुस्तीस आलेल्या हातांनी भरल्या. आश्चर्य म्हणजे १२ जूनपर्यंत मेट्स ४५-२४ असे सर्व संघांत पुढे होते. त्याच दिवशी १.४७ ईआरए असलेला कोदाई सेंगा पहिल्या तळावर उंच आलेली फेक झेलताना उडी मारून मांडीचा स्नायू दुखावून बसला. त्यानंतर डेव्हिड पीटरसन वगळता कोणी सहा इनिंग पूर्ण करणे दुर्मीळ झाले, बुलपेनमधील माणसे रोज उठून हात झिजवू लागली, संघाने हंगामभरात चाळिसाहून अधिक पिचर वापरले आणि शेवटच्या दिवशी मायामीकडून ४-० असा पराभव पत्करून ८३-७९ वर येऊन थांबला. सिनसिनाटीचेही ८३-७९ होते, पण परस्परांतील सामन्यांत ते वरचढ असल्याने पुढे तेच गेले. व्यवस्थापनाने आत्मपरीक्षण केले आणि पिचिंग कोच बदलला.

या सर्व निर्णयांत ज्याची सर्वाधिक टिंगल होते तो मात्र पिचरचा नाहीच. बॉबी बोनिया या फलंदाजाचे राहिलेले सुमारे ५९ लाख डॉलर १९९९ च्या हंगामानंतर लगेच न देता, व्याजासह २०११ ते २०३५ पर्यंत दर १ जुलैला ११ लाख ९३ हजार डॉलर देण्याचा करार संघाने केला, आणि चाहते दरवर्षी त्या तारखेला उपरोधाने सण साजरा करतात. बोनिया निदान धावा देत नाही, हे त्याच्या बाजूने सांगता येईल. पण अधिक खोलात गेल्यास असे आढळते, की त्याच हिवाळ्यात मेट्सने माइक हॅम्प्टन हा स्टार्टर मिळवला, तो २००० च्या नॅशनल लीग अजिंक्यपद मालिकेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि त्याने संघाला जागतिक मालिकेत नेले. पगाराचा भार पुढे ढकलल्याने त्याच्यासाठी हात मोकळा झाला, असे त्या कराराचे समर्थक मांडतात आणि ते अगदीच टाकाऊ नाही. हॅम्प्टन वर्षभरातच अधिक पैशासाठी कोलोराडोस गेला, त्याच्या भरपाईपोटी मेट्सला २००१ मध्ये नवोदितांच्या निवडीची एक जादा पाळी मिळाली, आणि त्या पाळीत त्यांनी डेव्हिड राइट याला निवडले, जो पुढे संघाचा कर्णधार व बहुधा सर्वांत लाडका खेळाडू झाला. ही साखळी चाहत्यांना ठाऊक असते, परंतु १ जुलैच्या गमतीवर पाणी पडू नये म्हणून तिचा उच्चार होत नाही. शिवाय ती पुढे ओढत नेली तर ती १ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री तिसऱ्या तळावर जाऊन पोहोचते, जेथे चेंडू उचलून, हॉस्मरकडे एकवार पाहून, पहिल्या तळाकडे फेकणारा क्षेत्ररक्षक डेव्हिड राइट हाच होता.